मूल ठणठणीत असतानाही दाखवा

ताप आला, जुलाब लागले, रात्रभर खोकल्याने झोप लागली नाही, की आपल्याकडचे आईबाप मुलाला दवाखान्यात आणायला वेळ लावत नाहीत. एसटी चुकली तर मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात, रात्री-अपरात्री डॉक्टरांचे दार वाजवतात. या बाबतीत आपल्या जिल्ह्यातला पालक कोठेही कमी पडत नाही, हे मी रोज पाहतो. पण तेच मूल हसत-खेळत असेल, चार घास खात असेल, तर त्याला घेऊन दवाखान्याची पायरी चढावी असे फार थोड्यांना वाटते. ‘काही झालेले नाही, मग उगाच कशाला दाखवायचे?’ हा प्रश्न खेड्यातल्या घरातून येतो तसाच शिकल्या-सवरलेल्या घरातूनही येतो. आजच्या लेखात या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

शेतकरी वाचकांना हे लवकर पटेल. पान करपल्यावर पिकाला रोग पडला हे कोणालाही कळते. जाणता शेतकरी मात्र पीक हिरवेगार असतानाच बांधावरून फेरी मारतो, पान उलटे करून पाहतो. लहान मुलाची नियमित तपासणी म्हणजे अशीच फेरी होय. आजार झाल्यावर औषध देणे हे डॉक्टरांचे काम. पण आजार नसताना मुलाला तपासणीला आणणे हे काम आईबापांखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

मुके दोष

मुलांचे पुष्कळ दोष मुके असतात. ते दुखत नाहीत, ताप आणत नाहीत, मूल त्याबद्दल तक्रारही करत नाही. जन्मतः कमी ऐकू येणारे बाळ इतर बाळांसारखेच रडते आणि हसते. एका डोळ्याने अंधुक पाहणाऱ्या मुलाला आपल्याला कमी दिसते हे माहीतच नसते. जग असेच असते असे त्याला वाटते. रक्त कमी असलेले मूल ‘शांत आहे हो, त्रास देत नाही’ म्हणून कौतुकाला पात्र ठरते.

अडीच-तीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून माझ्याकडे आणले जाते, तेव्हा बहुतेक वेळा सोबतची आजी सांगते, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ कधीकधी ते खरेही असते. पण कधी तपासणीत असे निघते की मुलाला ऐकूच येत नाही, आणि न ऐकलेली भाषा मूल बोलणार कसे? ऐकण्याचा दोष असेल तर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा क्रम जगभर पाळला जातो. कारण भाषा शिकण्यासाठी मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असते. तेवढी वर्षे गेली की यंत्र लावूनही ती भरपाई पूर्ण होत नाही. हे आईबापांच्या माथी दोष मारण्यासाठी सांगत नाही. त्यांनी मुलाचे लाड केले, खाऊ-पिऊ घातले. पण मुलाला बरे असतानाही दाखवायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

जामखेडचा धडा

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने हा धडा साऱ्या जगाला दिला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी तालुका, खडी वाट, गावात डॉक्टर नाही. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. बाळंतपणातील अस्वच्छतेने होणारा धनुर्वात, जुलाब आणि कुपोषण ही त्यामागची मोठी कारणे होती.

आरोळे दांपत्याने केवळ मोठे रुग्णालय बांधून हा प्रश्न सुटेल असे मानले नाही. त्यांनी गावागावातून तेथल्याच बायका निवडून घेतल्या. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना जामखेडला बोलावून शिकवले: बाळाचे वजन कसे करायचे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, नाळ स्वच्छ कशी कापायची, लस कधी द्यायची. या बायका घरोघर जाऊन ठणठणीत दिसणाऱ्या मुलांचेही वजन करू लागल्या आणि आईला शेजारणीच्या भाषेत समजावू लागल्या. पुढच्या वीस-बावीस वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा हजारी तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्तीची योजना आली, तिच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता.

मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की, जामखेडात सर्वांत जास्त उपयोगी पडले ते महागडे यंत्र नव्हे. वजनकाटा, लस, स्वच्छता आणि नियमितपणा यांनी ते काम केले. या सगळ्या गोष्टी आज तुमच्या गावच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. उरतो तो फक्त नियमितपणा, आणि तो घरातून यावा लागतो.

कोणत्या वयात काय पाहायचे?

जन्म ते दीड महिना : जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्याची जास्त काळजी घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहायचे असते. घरच्या घरी नवजात बाळाची अशी देखभाल केली तर मृत्यू किती टळतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले आहे. आशाताई आल्या नाहीत तर निरोप धाडून बोलवा. ‘बाळंतिणीच्या खोलीत परके माणूस नको’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. हात धुवायला पाणी द्या आणि बाळ दाखवा.

बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा चौतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले असेल, तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. हा दोष वेळेवर सापडला तर दृष्टी वाचू शकते. जेथे सोय असेल तेथे टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईडची चाचणीही करावी. या ग्रंथीचा दोष पहिल्या काही आठवड्यांत ओळखला तर रोजच्या एका गोळीने मूल हुशार निपजते. उशीर झाला तर बुद्धीवर कायमचा परिणाम होतो.

दीड महिना ते एक वर्ष : या काळात तपासणीच्या तारखा लसीकरणाला जोडून येतात. सहा, दहा व चौदा आठवड्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर बाळाला न्यायचेच असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ, पोलिओ, न्यूमोनिया, रोटा विषाणूचे जुलाब, गोवर व रुबेला यांविरुद्धच्या लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. नुसती सुई टोचून घरी येऊ नका. त्याच वेळी वजन करून घ्या आणि मनातली शंका विचारा. निरोगी बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत जन्मवेळच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. सहा महिने अंगावरचे दूध, त्यानंतर त्यासोबत मऊ भात, वरण, नाचणी, अंडे असे घट्टसर अन्न सुरू झाले आहे ना, हेही याच भेटीत विचारले जावे.

घरी आईने पाहावे की बाळ दोन महिन्यांच्या आसपास ओळखीचे हसते का, चार महिन्यांत मान धरते का, सहा महिन्यांत आवाजाकडे वळते का, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते का. दूध पिताना बाळ दमत असेल, कपाळावर घाम येत असेल, तर हृदयाची तपासणी हवी. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये.

एक ते तीन वर्षे : याच वयात पालकांची ये-जा सर्वांत कमी होते. पहिल्या वर्षाच्या लसी झाल्या, जबाबदारी संपली असे वाटते. प्रत्यक्षात सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी व पोलिओचे बूस्टर डोस असतात. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस, एक वर्षानंतर वर्षातून दोनदा जंतनाशक औषध आणि सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध द्यायचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शंभरात सुमारे ६९ मुलांचे रक्त कमी आढळले. म्हणजे ही दुसऱ्याच्या घरातली गोष्ट नाही. मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट पाहू नये.

तीन ते सहा वर्षे : शाळेत घालण्यापूर्वी डोळे, कान व दात तपासून घ्यावेत. तिरळेपणाला ‘भाग्याचे लक्षण’ म्हणून सोडून देऊ नये. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत जितका चांगला होतो तितका पुढे होत नाही. दुधाचे दात पडणारच म्हणून किडलेले राहू देऊ नयेत. पाच-सहा वर्षांचा त्रिगुणी बूस्टरही विसरू नये.

वजनाची रेघ आणि दंडघेर

अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचे वजन होते आणि तक्त्यावर ठिपका मांडला जातो. आईबापांनी तो तक्ता मागून पाहावा. एका महिन्याच्या आकड्याला फार महत्त्व नाही. ठिपके जोडणारी रेघ कोणीकडे चालली आहे ते पाहायचे. रेघ वर चढत असेल तर ठीक. दोन महिने ती आडवी राहिली तर विचारावे, आणि खाली उतरली तर मूल खेळत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर पट्टीने मोजतात. तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्यावर ताबडतोब उपचार लागतात.

वजन केले की दृष्ट लागते, असे काही घरांत मानतात. आजीने हवी तर मीठ-मोहरी उतरून टाकावी, त्याने काही बिघडत नाही. पण वजन चुकवू नये.

कार्ड हे मुलाचे

माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक बाळाला मिळते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. डेव्हिड मॉर्ले हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ नायजेरियातील एका खेड्यात काम करत होते. त्यांनी मुलाच्या वाढीचा तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिला. आई तो हरवील अशी शंका होती. पण आयांनी तो जपला. मूल जेथे जाईल तेथे त्याची माहितीही गेली पाहिजे, हे त्यामागचे साधे तत्त्व होय. आता लसीची नोंद संगणकावरही होते, हे चांगलेच आहे. तरी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा, आणि मुलाला कोणत्याही दवाखान्यात नेताना सोबत घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

हे लिहिताना मला पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे आठवतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते आणि पाडव्यापर्यंत घराला कुलूप लागते. बरोबर गेलेले सहा महिन्यांचे मूल परत येते तेव्हा वर्षाचे झालेले असते. नऊ महिन्यांची गोवराची लस नेमकी याच काळात राहून जाते. कार्ड गावी ट्रंकेत असते आणि मूल कोपीत. गोवर हा दाटीत झपाट्याने पसरणारा आजार. कमी वजनाच्या मुलाला तो जिवावर बेतू शकतो.

अशा आईबापांना माझे सांगणे असे. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आशाताईंकडे जा. पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या लसी येतात ते विचारून घ्या, देता येण्यासारखी असेल ती घेऊनच निघा आणि कार्ड भांड्याकुंड्यांबरोबर न विसरता बांधा. जेथे तळ पडेल तेथल्या उपकेंद्रात लस मिळते. तुम्ही दुसऱ्या तालुक्याचे आहात म्हणून ती नाकारता येत नाही. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत मुलाचे वजन करा.

आणि राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाकडच्या बागायतदार वाचकांनाही एक विनंती. तुमच्या शेताजवळ कोप्या पडल्या आणि तेथे लहान मुले दिसली, तर गावच्या आशाताईंना एक निरोप द्या. तुमचा ऊस तोडायला आलेल्या माणसाचे मूल आपल्या गावात असेपर्यंत आपल्याच गावचे समजावे.

हे काम कोणाचे?

लस आणि तपासणी म्हणजे बाईचे काम, असा आपल्याकडे समज आहे. त्या दिवशी आईचा रोज बुडतो, घरी सासूची परवानगी लागते, जायला वाहन नसते. मग तारीख टळते. म्हणून वडिलांनी तारीख लक्षात ठेवावी, एक फेरी स्वतः मारावी. आजी-आजोबांनी ‘आमच्या वेळी कुठे होते हे’ असे म्हणण्याऐवजी सुनेला ‘जाऊन ये, घरचे मी पाहते’ म्हणावे. आणि मुलगा असेल तर नगरला नेऊन दाखवायचे व मुलगी असेल तर ‘होईल बरी’ म्हणायचे, हा भेद आता तरी थांबावा.

पालकांच्या काही शंका

मुलाला सर्दी आहे, लस पुढे ढकलू का? साधी सर्दी, बारीक खोकला यासाठी लस चुकवायचे कारण नाही. जास्त ताप असेल तर डॉक्टरांना विचारावे.

एक डोस राहिला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का? नाही. राहिलेल्या ठिकाणाहून पुढे देता येते. मात्र काही लसींना वयाची मर्यादा असते, म्हणून उशीर लक्षात येताच जावे. ओरडा बसेल या भीतीने घरी बसू नये.

लसीनंतर ताप येतो, मग ती घातक नाही का? एक-दोन दिवस बारीक ताप, सुई टोचलेल्या जागी सूज हे नेहमीचे आहे. थांबून राहणारा किंवा फार चढणारा ताप, झटके, सुस्ती दिसली तर दाखवावे.

तपासणीत मोठा दोष निघाला तर खर्च कोठून करायचा? या भीतीने कित्येक जण तपासणीच टाळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. त्यातील फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. त्यात सापडलेल्या हृदयदोष, दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल यांसारख्या दोषांवर पुढचे उपचार व शस्त्रक्रिया मोफत होतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शक्य असेल तर स्वतः हजर राहा, कारण मूल रात्री कसे झोपते, काय खाते, केव्हा दमते हे डॉक्टरांना तुम्हीच सांगू शकता.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर एकच गोष्ट करा. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर त्याचे कार्ड शोधून काढा. शेवटचे वजन केव्हा झाले आणि पुढची तारीख कोणती, ते पाहा. तारीख उलटून गेली असेल तर अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिन कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी दुसरे काम ठेवू नका. कार्डच सापडले नाही तर उपकेंद्रातील नर्सबाईंकडून नवे करून घ्या. मूल खेळत असेल तर उत्तमच. त्याला तसेच खेळत असताना घेऊन जा.